शिरवाळ्यांच्या टेबलाची फी

मला भांडणं आवडतात. स्वतःची नव्हे, दुसऱ्यांची. दादरला माझ्या माहेरी भांडण म्हणजे दोन दिवस अबोला आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी भिंतीकडे बघून म्हणायचं, ‘चहा ठेवलाय.’ लग्न होऊन घोडपदेवच्या चाळीत आले तेव्हा कळलं, की भांडण ही गॅलरीत उभं राहून, शेंगा खात बघायची गोष्ट आहे. त्यातून ते आई आणि मुलाचं असेल, मुलगा म्हणजे आपला नवरा असेल आणि तो हरत असेल, तर मग विचारायलाच नको. असं एक भांडण मी पूर्ण जानेवारीभर, घरबसल्या पाहिलं. शेवटापर्यंत मजा राहिली नाही, पण सुरुवात फारच छान होती.

आमच्या चाळीची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा सव्वीस जानेवारीला असते. का, तर त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. सकाळी चौकात झेंडावंदन, मग पूजा, दुपारी मुलांच्या शर्यती आणि चार वाजल्यापासून आनंदमेळा. चाळीतल्या बायका घरातलं टेबल खाली आणायच्या. ज्यांच्याकडे टेबल नाही त्या दोन स्टुलांवर फळी टाकायच्या. त्यावर आपल्या हातचं काहीतरी मांडायचं आणि विकायचं. कोणाची थालीपिठं, कोणाची ओली भेळ, कोणाचे बटाटेवडे. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका रिंगा फेकायचा खेळ मांडायचे, बक्षीस अंगाच्या साबणाची वडी. टेबल लावायची फी होती एक नारळ. तो पूजेत ठेवला की काम झालं.

या मेळ्यातलं सगळ्यात जुनं टेबल माझ्या सासूबाईंचं. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या मालवणकडच्या, आणि त्यांचे शिरवाळे म्हणजे चाळीचा अभिमान. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. खाली ताटलीत पांढऱ्याशुभ्र शेवया पडतात. त्यावर नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घातलेला रस. खाताना कोणी बोलत नाही. गोष्ट एवढीच की हे काम एकट्याने होत नाही. एकीने गोळा काढून साच्यात टाकायचा आणि खाली ताटली फिरवायची, दुसरीने वरून दांडी दाबायची. गोळा जरा गार झाला की साचा जागचा हलत नाही.

दांडी दाबायच्या बाई. बाई म्हणजे समोरच्या खोलीतल्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. अर्ध्या चाळीला त्यांनी पाढे शिकवले आहेत, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात, आईसुद्धा. आमचं पातेलं आमच्या घरी आणि साचा बाईंच्या घरी, अशी वाटणी मी आले तेव्हापासून आहे. दोघींच्या नवऱ्यांची एकाच गिरणीतली नोकरी एकाच संपात गेली. त्यानंतरच्या वर्षांत या दोघींनी एकमेकींना काय काय दिलं-घेतलं, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि त्या दोघी आठवतही बसत नाहीत. मात्र एकीने भाजी आणली की दुसरी ती निवडायला बसते.

बाई बौद्ध. त्या कथेला कधी बसल्या नाहीत आणि त्यांना बसा असं कोणी म्हटलं नाही. सकाळी झेंड्यापाशी मुलांकडून संविधानाची उद्देशिका म्हणून घ्यायची ती बाईंनी. एक जरी शब्द गाळला तर परत पहिल्यापासून. मग त्या वर जायच्या, आणि चार वाजता साडीला पिना लावून टेबलाशी हजर व्हायच्या. पूजेच्या दिवशी चौकात बाईंची हक्काची जागा म्हणजे शिरवाळ्यांचं टेबल. हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की त्याचा कोणी वेगळा विचार करत नव्हतं.

आता माझा नवरा. तो एका शिपिंग कंपनीत आहे. तिथे त्याचं कोणी ऐकत नाही, म्हणून तो चाळीच्या उत्सव कमिटीचा सेक्रेटरी झाला. त्याच्या आधी मंडप म्हणजे बांबू आणि कोणाच्या तरी जुन्या साड्या. त्याच्या कारकिर्दीत झुंबरं आली. मग पैठणीचा खेळ आला आणि तो खेळवायला मालिकेतली एक नटी आली. ती तासभर आली, सगळ्यांना ‘माझ्या वहिन्यांनो’ म्हणाली आणि पाकीट घेऊन गेली. मग मोठा पडदा आला. आमचा चौक एवढासा, की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस रुमाल देईल. तिथे पडद्यावर आपण आपल्यालाच बघायचं.

या सगळ्याला पैसे लागतात. कमिटीने ते फीमधून काढायचं ठरवलं. नारळाचे शंभर रुपये झाले, शंभराचे पाचशे, पाचशेचे हजार. लिंबू-चमच्याच्या शर्यतीलाही प्रवेशमूल्य आलं, लिंबू धरून. घरचं लिंबू आणलं तर सवलत आहे का, असं मी कमिटीला लेखी विचारलं. कमिटीकडून उत्तर आलं नाही, मात्र सेक्रेटरी घरी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दर वर्षी मेळ्यातलं एखादं टेबल गळायचं. थालीपीठवाली म्हणाली, भाजणी दळायची, दिवसभर थापायची आणि पैसे मंडपवाल्याला द्यायचे, त्यापेक्षा मी झोपते. रिंगावाल्या काकांनी साबणाच्या वड्या घरी वापरून संपवल्या. रिकाम्या जागी बाहेरची मंडळी आली. पाणी गाळायचं मशीन, जिम, गाद्या, म्युच्युअल फंड. एका बिल्डरने तर काचेच्या पेटीत टॉवरची प्रतिकृती आणून ठेवली. त्यात छोटी छोटी झाडं होती आणि माणसं अजिबात नव्हती. लोक मेळ्याला उपाशी पोटी यायचे आणि पिशवीभर पत्रकं घेऊन उपाशीच वर जायचे. कमिटी मात्र खूश. हिशोबात इतकी शिल्लक आधी कधी नव्हती.

आई आणि बाई हजार रुपयांपर्यंत टिकल्या. पाचशे-पाचशे काढायच्या. शिरवाळ्यांची ताटली वीस रुपयांना, तिचे पंचवीस करायला दोघी तयार नव्हत्या. ‘पोरा खातंत,’ असं आईंचं म्हणणं, आणि बाईंना तेवढं पुरत होतं. मग गेल्याच्या गेल्या वर्षी, नाताळच्या सुमारास नवरा मिटिंगहून आला आणि बूट काढता काढता सहज म्हणाला, ‘आई, यंदा टेबल पाच हजार झालंय हं. कॉर्नर साडेसात.’

आई लसूण सोलत होत्या. त्यांनी लसूण खाली ठेवला.

‘आवशीकडे पाच हजार मागतंस, मेल्या?’

‘तुझ्याकडे कुठे? सगळ्यांना सारखं आहे ना. उद्या लोक म्हणतील, सेक्रेटरीच्या आईला फुकट.’

‘मी एक पैसो देवचंय नाय.’

‘मग टेबल नाही लागणार, आई. नियम आहे.’

मी गॅस बारीक केला आणि नीट बसून घेतलं.

पुढचे काही दिवस आमच्या एका खोलीत आईंची स्वतंत्र कमिटी चालली. कमिटीत त्या एकट्याच. पहिला नियम जेवणाच्या जागेचा. नवरा नेहमीप्रमाणे टीव्हीसमोर, खिडकीच्या कोपऱ्यात बसायला गेला, तर त्यांनी ताट उचललं. ‘हयसर कॉर्नर आसा. कॉर्नराक जास्त.’ तो हसला. मग दिसलं की त्या हसत नाहीत. शेवटी तो मोरीच्या तोंडाशी बसून जेवला, कारण तिथे फी नव्हती. दुसऱ्या दिवशी पलंगाखालचे कमिटीचे बॅनर बाहेर गॅलरीत आले. पलंगाखालची जागा म्हणे तिमाही भाड्याने द्यायची होती. आंघोळीच्या गरम पाण्यासाठी आगाऊ नोंदणी सुरू झाली. नवऱ्याने माझ्याकडे मदतीच्या आशेने बघितलं. मी म्हटलं, ‘नियम आहे, सगळ्यांना सारखा.’ माझ्याकडून मात्र त्या काहीच घेत नव्हत्या. मी म्हणे प्रायोजक.

विनोद जाऊ दे, पण आईंना खरोखर लागलं होतं हे मला दिसत होतं. वर्षभर त्या कोणाच्या तरी आई, कोणाच्या तरी आजी. त्या एका संध्याकाळी चौकातली पोरं त्यांच्यापुढे ताटल्या घेऊन उभी राहायची आणि त्या ओरडायच्या, ‘ढकलू नको रे, रस सांडतलो!’ त्या ओरडण्यात काय आनंद असायचा! टेबल गेलं की त्यांची ती संध्याकाळ जाणार होती. आणि टेबल पाच हजार देऊनच लागणार असेल, तर त्यांच्या लेखी ते गेल्यातच जमा होतं.

बाई या दिवसांत नाशिकला होत्या, लेकीच्या बाळंतपणासाठी. फोनवर आईंनी त्यांना एवढंच सांगितलं, ‘तू ये. मी बघतंय.’

मकरसंक्रांत झाली आणि आईंना युक्ती सुचली. त्या तिळाचे लाडू वळत होत्या, मध्येच थांबल्या आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘काय रे, प्रसादाक फी लावतात?’

‘प्रसादाला कशी लावतील?’

‘प्रसाद विकत नाय, प्रसाद कोणी नाय म्हणत नाय. बरोबर? मग माझे शिरवाळे यंदा प्रसाद. पूजेच्या बाजूक टेबल. फुकट वाटतलंय. आता लाव तुझी फी.’

नवऱ्याचा लाडू हातातच राहिला. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. वीस रुपये घ्यायचेच नाहीत, तर पाच हजार मागणार कोणाकडे? तांदूळ, गूळ, नारळ त्यांच्या गाठीच्या पैशांतून. कमिटी त्याच रात्री भरली. अध्यक्ष म्हणाले, शास्त्र काय म्हणतं ते बघावं लागेल, प्रसाद म्हणजे शिरा. प्रकरण गिरगावातून येणाऱ्या आमच्या भटजींकडे गेलं. भटजी दर वर्षी पूजा आटोपून तीन ताटल्या शिरवाळे खाल्ल्याशिवाय चाळ सोडत नसत. त्यांनी फोनवरच निर्णय दिला. कांदा नाही, लसूण नाही, गूळ आहे, नारळ आहे; देवाला चालेल, किंबहुना आवडेल. प्रसादाची जागा मंजूर झाली. आईंनी मुलाला कॉर्नर परत दिला, तोही मोठ्या मनाने, विनामूल्य.

बाई पंचवीस तारखेला संध्याकाळी परतल्या. बॅगेसकट आमच्या दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, ‘झालं का मग टेबलाचं?’

‘झाला. फुकट जागा दिल्यानी,’ आई म्हणाल्या.

‘फुकट? तुझा मुलगा सुधारला म्हणायचा!’

दोघी पोट धरून हसल्या. जागा कुठे आणि कशी, हे सांगायचं आईंच्या लक्षातही आलं नाही. त्यांच्या डोक्यात मुलाला हरवलं एवढंच होतं. मी पण तिथेच होते आणि माझ्याही डोक्यात तेवढंच होतं.

सव्वीस जानेवारीला सकाळी बाईंनी उद्देशिका म्हणून घेतली. ‘बंधुता’ला पोरं अडखळली, म्हणून दोनदा. पूजा झाली, कथा झाली. आईंनी पहाटे घरी थोडेसे शिरवाळे करून वाटीभर नैवेद्य दाखवला होता. साचा रात्रीच बाईंकडून आणून ठेवला होता, पण प्रवासाने दमलेल्या त्यांना पहाटे उठवलं नाही; आम्ही दोघींनीच ते कसेबसे पाडले, माझ्या हातून शेवया कमी आणि गुठळ्या जास्त पडल्या. देवाने तक्रार केली नाही. चारला मी पातेलं, शेगडी आणि साचा खाली आणला. पूजेच्या चौरंगाला लागूनच टेबल, त्यावर पांढरी चादर. समोरच्या बाजूला फीवाल्यांची रांग. पाण्याचं मशीन, जिम, मध्ये एक रिकामं टेबल, कारण गादीवाले ऐनवेळी आले नव्हते, आणि मग बिल्डर. आमच्यापुढे ही गर्दी आणि त्यांच्यापुढे कोणी नाही. जिमचा दंडवाला मुलगासुद्धा आमच्या रांगेत येऊन उभा राहिला.

पाणी उकळलं. आईंनी गोळे सोडले. ‘बाईक हाक मार,’ त्या म्हणाल्या. मी वर बघितलं, तर बाई निघालेल्याच होत्या. साडीला पिना, केसांत अबोलीचा गजरा. त्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत उतरल्या आणि तेवढ्यात माझ्या नवऱ्याला माईक हातात घ्यायची बुद्धी झाली. आता ठरलंच आहे तर निदान कमिटीचं नाव तरी होऊ दे, असा त्याचा विचार. ‘सर्व भाविकांना विनंती,’ तो म्हणाला, ‘श्री सत्यनारायणाच्या चरणी अर्पण केलेल्या शिरवाळ्यांच्या महाप्रसादाचा लाभ घ्यावा.’

बाई गॅलरीत थांबल्या. कठडा धरून त्यांनी खाली बघितलं. टेबल, चौरंग, केळीचे खांब, सगळं एकदा पाहून घेतलं.

‘बाय, गोळे गार होतंत गो!’ आई खालून ओरडल्या.

‘प्रसाद आहे का तो?’ बाईंनी वरून विचारलं.

‘प्रसाद म्हणजे काय, नावाक प्रसाद! फी चुकवक केला. शिरवाळे तेच. ये तू!’

‘मी नाही येत,’ बाई म्हणाल्या.

‘रागावलंस?’

‘राग कसला? अगं, तू प्रसाद वाट. चांगलं आहे ते. पण मी प्रसादाच्या टेबलामागे कशी उभी राहू? मी टेबलावर येत होते, पूजेत नव्हते येत. तुला माहीत आहे.’

त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच, शांत आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. चौकातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. एरवी असल्या संवादासाठी मी पुढची जागा धरली असती. त्या वेळी मात्र मला माझीच लाज वाटली. महिनाभर आम्ही दोघी नवऱ्याला चीत करायच्या नादात होतो. जिच्यासोबत ते टेबल लागायचं तिलाच आम्ही त्या टेबलावरून उठवलं होतं, आणि तेही फुकटात.

आईंनी मला खूण केली. त्यांनी गोळा साच्यात टाकला, मी दांडी दाबली. चार शेवया पडल्या आणि तुटल्या. पुन्हा दाबली, तर साचा हलेना. ‘राहू दे,’ त्या म्हणाल्या. रांगेतली पोरं ताटल्या वाजवायला लागली. बाई वर जायला वळल्या होत्या. आईंनी हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘टेबल उचल.’

‘कुठे?’

‘थंयसर.’ त्यांनी समोरच्या रिकाम्या जागेकडे मान उडवली.

आम्ही गादीवाल्यांचं टेबल भिंतीकडे सारलं आणि आमचं त्या जागी लावलं. पातेलं, शेगडी, साचा, सगळं चौकातून पलीकडे नेलं. भटजी गडबडून उठले. मग त्यांनी वाटीकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं आणि स्वतःशीच निर्णय दिला, की नैवेद्य तेवढा वाटीतला, बाकी अजून पिठाचे गोळेच आहेत. अध्यक्ष माझ्या नवऱ्याकडे बघत होते. नवरा धावत आला.

‘आई, ही फीची बाजू आहे.’

‘माका दिसता. पाच हजार ना? सूनबाई, तुझ्या फोनवरून पाठव. मी तुका मागसून देतंय.’

कमिटीने त्या वर्षी पैसे घ्यायला ते बोलकं यंत्र आणलं होतं, दुकानात असतं तसं. मी कोड स्कॅन केला, आकडा टाकला. नवरा हळूच म्हणाला, ‘आई, नको. राहू दे. उभी राहा तू इथेच, मी बघतो कमिटीचं.’

‘फुकट उभी रवलंय तर परत तुझ्या देवाच्या बाजूक जावचा लागात,’ आई म्हणाल्या. ‘घे पैसे. पावती फाड.’

मी बोट दाबलं. यंत्रातल्या बाईने खणखणीत आवाजात चौकभर सांगितलं, ‘पाच हजार रुपये प्राप्त झाले.’ पडद्यावर त्याच वेळी माझ्या नवऱ्याचा चेहरा दिसत होता, चांगला भिंतीएवढा. तो कधी एवढा लहान दिसला नव्हता.

‘पावतीवर दोघींची नावं घाल,’ आई म्हणाल्या. ‘आधी बाईचा.’

बाई आल्या. येताना पूर्ण जिनाभर बडबडत आल्या. ‘वेडी आहेस का तू? पाच हजार? तांदूळ केवढ्याचे, रस केवढ्याचा? अर्धे माझे आहेत, आत्ताच सांगून ठेवते.’ त्यांनी मला बाजूला केलं, पदर खोचला आणि दांडी धरली. नवा गोळा, एकच दाब, आणि शेवया अशा सरळ उतरल्या की पोरं ‘ओऽऽ’ करून ओरडली. आई ताटली फिरवत होत्या. दोघींचंही नाक लाल झालं होतं. धुरानं, असं दोघी अजून सांगतात. ताटली वीस रुपयांनाच दिली. भटजींनी तीन खाल्ल्या आणि साठ रुपये दिले, हे चाळीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

माझी कहाणी इथे संपली असती तर मी ती लोकांना हसत हसत सांगितली असती. पण पुढच्या डिसेंबरात कमिटीची मिटिंग झाली. मी मुद्दाम गेले, दाराशी उभी राहिले. माझा नवरा उठला आणि म्हणाला, चाळीतल्या माणसांना फी नको, पूर्वीसारखा नारळ ठेवा. इतक्या वर्षांत मी त्याला काही चांगलं बोलताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण हे चारचौघांत होतं. मला तो बरा वाटला.

अध्यक्ष म्हणाले, ‘फी जास्त आहे असं कोण म्हणतं? गेल्या वेळी चाळीतल्याच दोघींनी भरली की. त्यातली एक तर सेक्रेटरींच्या घरचीच. हसत हसत भरली. म्हणजे परवडते लोकांना.’

बाकीच्यांनी माना डोलावल्या. पावतीची स्थळप्रत फाईलला होती, त्यावर दोन नावं होती आणि ते खोटं आहे असं कोणाला म्हणता येत नव्हतं. फी आठ हजार झाली. नवऱ्याचा हात एकटाच विरुद्ध वर होता.

घरी येऊन त्याने ते सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता जोरदार सुरू होणार. आईंनी फक्त ‘बरा’ म्हटलं आणि कुकर लावला. मला ते सहन होईना. त्यांनी त्याला मोरीपाशी बसवलं असतं तरी चाललं असतं.

यंदा सव्वीस जानेवारीला चौकात शिरवाळ्यांचं टेबल नव्हतं. झेंडावंदन झालं, उद्देशिका झाली, कथा झाली. चार वाजता आई पातेलं उचलून समोर बाईंच्या खोलीत गेल्या. मी नारळाचं दूध घेऊन मागोमाग. बाईंनी दार लावलं. आमच्या चाळीत सणाच्या दिवशी कोणी दार लावत नाही. तसं केलं तर शेजारी काय झालं ते विचारायला येतात. ‘उघडं ठेवलं तर पोरं येतील,’ बाई म्हणाल्या, ‘आणि एवढ्यांना पुरणार नाही. दोघी-तिघींपुरतंच आहे.’ गॅलरीतून पावलं जायची, दारापाशी जरा थांबायची. गुळाचा वास तर बाहेर जातच होता. कोणीतरी लहान आवाजात विचारलं, ‘इथे आहे का?’ आणि दुसऱ्या कोणीतरी सांगितलं, ‘नाही, बंद झालं ते.’ आईंची ताटली फिरायची थांबली, मग पुन्हा फिरायला लागली.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. मी कडी काढली. नवरा होता, गळ्यात कमिटीचा बिल्ला. तो आत आला, त्याने दार लावलं आणि उभाच राहिला. बाईंचा खांदा दुखत होता, त्या खांदा चोळत बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, ‘बस. दाब.’

तो बसला आणि दाबायला लागला. खाली मेळा सुरू होत होता. लाऊडस्पीकरवर अध्यक्षांचा आवाज आला, सेक्रेटरींनी असतील तिथून स्टेजपाशी यावं. मग पुन्हा आला, पाहुणे खोळंबले आहेत म्हणून. नवऱ्याने मान वर केली आणि आईंकडे बघितलं.

‘सोडू नको,’ आई म्हणाल्या. ‘शेव तुटात.’

त्याने दांडी सोडली नाही. खालून त्याचं नाव घेणं चालूच राहिलं.